गेटवरचे थोरले काका

भोपाळच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक शरद वझलवार हा माझा जुना मित्र. त्याने यंदा फोन केला आणि म्हणाला, "दिगू, अंकासाठी लिही. तुझ्या कामावर लिही."

कोणत्या कामावर, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मंडळातल्या सर्वांना माझं जे काम ठाऊक आहे ते असं: गोविंदपुऱ्यातला तो लहान कारखाना बंद पडला, तिथलं स्टोअर सांभाळणारा दिगंबर पिंपळकर काही महिने घरी बसला, आणि मग होशंगाबाद रोडवरच्या एका मोठ्या मॅरेज गार्डनमध्ये 'गेस्ट रिलेशन्स' बघू लागला. यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त मी हे रिलेशन्स कोणत्या गार्डनमध्ये आणि कुठून बघतो, तेवढं सांगायचं राहून गेलं. गेटवरून बघतो. लाल शेरवानी, सोनेरी साफा, चिकटवलेल्या मिशा आणि हातात गुलाबदाणी. गाडी थांबली की पुढे होऊन कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, "पधारिए हुज़ूर."

मी दरबान आहे. कित्येक वर्षांत हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं नव्हतं. लिहिताना मात्र ते अगदीच छोटं दिसतं.

या धंद्याची थोडी माहिती देतो, म्हणजे पुढचं समजेल. दरबान हा रखवालदार नव्हे. रखवालदार वेगळा असतो, त्याच्याकडे काठी असते आणि बसायला स्टूल असतं. दरबान ही सजावट आहे. फुलांची कमान, कारंजं आणि दरबान. कारंज्याला जसं कोणी बसायला सांगत नाही, तसं दरबानालाही नाही. आमचे मॅनेजर सक्सेनाजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पिंपलकरजी, खड़े रहने का ही तो पैसा है. बैठना तो घर पर फ्री है." माझ्या मागेच लॉनवर हजारभर खुर्च्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीला मागे सॅटिनची गाठ. त्यांच्याकडे पाठ करून संध्याकाळभर उभं राहणं ही एक साधनाच आहे. दुपारनंतर पाणी प्यायचं नाही, कारण गेट सोडता येत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, भुवयांच्या मधोमध बघायचं. त्याला वाटतं आपल्याकडे आदराने पाहतोय. हसू ओठांवर ठेवायचं, गालात जाऊ द्यायचं नाही. गालात गेलं की तासाभरात जबडा दुखायला लागतो.

आणि माणसं. एकदा एक बाई गाडीतून उतरल्या, चार इमलीच्या, बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यातल्या असाव्यात असा एकंदर थाट. त्यांनी पायातले सँडल काढून माझ्या हातात दिले आणि पिशवीतले दुसरे, उंच टाचांचे घातले. "पकड़े रहना, अभी आई," म्हणाल्या. लग्न लागलं, जेवणं झाली, बाई दुसऱ्या गेटने निघून गेल्या. एका हातात गुलाबदाणी आणि दुसऱ्या हातात सँडल घेऊन मी दोन खासदारांचं स्वागत केलं. एकदा एक चिमुरडी माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली आणि आईला म्हणाली, "मम्मी, राजा को कुर्सी नहीं मिली?" आईने तिला ओढून नेलं. मी हसू ओठांवरच ठेवलं. त्या दिवशी ते जरा जड गेलं.

आता तुम्ही म्हणाल, यात लाज कसली. कष्टाची भाकरी आहे. हे वाक्य मीही मंडळाच्या नाटकात टाळ्या घेत म्हटलेलं आहे. पण त्या नाटकात मी कलेक्टर होतो. मंडळाच्या नाटकांत मी कायम कलेक्टर, नाहीतर मंत्री, एकदा तर न्यायाधीश. उंची आहे, आवाज आहे. याच उंचीवर आणि आवाजावर मला गेटची नोकरी मिळाली. दोन्हीकडे मिशा त्याच. डिंकाने वरचा ओठ लाल होतो, तर मंडळात सांगितलं की ॲलर्जी आहे. दाताच्या डॉक्टरने विचारलं, झोपेत दात खाता का, दाढा झिजल्यात. मी म्हटलं, वय झालं. घरी बायको वंदना म्हणाली, "दात नाही खात, रात्रभर 'पधारिए' म्हणत असता."

घरी लग्नपत्रिका आली की लोक आधी मुहूर्त बघतात. आमच्याकडे आधी स्थळ बघतात. आमचंच गार्डन असेल तर वंदना एकटी जायची आणि मी ऑफिसच्या कामाने इंदूरला. कोटरा सुल्तानाबादच्या आमच्या दोन खोल्यांत मी इतक्या वेळा इंदूरला गेलोय की विचारू नका. खरं तर मी तेव्हा गेटवर असायचो आणि बायकोला गुलाबपाणी शिंपडायचो. ती एकदा पुटपुटली होती, "जरा कमी. साडीवर डाग पडतात."

पण ओळखलं कोणी नाही. याचं कारण माझा अभिनय नव्हे. कारण असं की इथली लग्नं संध्याकाळची, झगमगाटातली. आणि दरबानाच्या मिशांखाली कोणी चेहरा शोधत नाही.

आणि मग शरदच्या मुलीची पत्रिका आली. स्थळ आमचंच. मुहूर्त दुपारचा. लख्ख उन्हातलं मराठी लग्न.

मी सक्सेनाजींकडे सुट्टी मागायला गेलो. ते आनंदाने उठून उभे राहिले. "छुट्टी? अरे महाराज, महाराष्ट्रियन पार्टी है, और आप छुट्टी मांग रहे हैं? मैंने तो पार्टी से वादा किया है, एकदम मराठी वेलकम. आपके सिवा कौन करेगा?" त्यांनी टेबलाखालून एक पिशवी काढली. आत धोतर, अंगरखा, जरीकाठी उपरणं आणि केशरी फेटा. म्हणाले, "ड्रेसवाले से स्पेशल मंगवाया है. और हां, सीज़न में छुट्टी जिसने मांगी, वो फिर हमेशा की छुट्टी पर गया."

घरी आलो. वंदना म्हणाली, "सांगून टाका शरदभाऊंना. आजच फोन करा."

"करतो," म्हटलं. फोन हातात घेतला. शरदने उचलला आणि मी बोलायच्या आत म्हणाला, "दिगू, यावेळी इंदूर-बिंदूर काही ऐकणार नाही. माझ्या दादाची तब्येत पुन्हा बिघडली, नागपूरहून तो येऊ शकत नाहीये. माझ्या बाजूला वडीलधारं कोणी नाही. तू हवास."

मी म्हटलं, "बघतो. इंदूरला जरा..." "ठीक आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला. लाजेचा हा एक गुणधर्म मी पाहिलाय. जे सांगायला लाज वाटते, त्याच्या बदल्यात आपण जे सांगतो, ते जास्त लाजिरवाणं असतं.

लग्नाच्या सकाळी माझा बेत पक्का होता. मिशा नेहमीपेक्षा दाट, फेटा भुवयांपर्यंत, आणि तोंडातून 'नमस्कार' याशिवाय शब्द नाही. वऱ्हाड अकोल्याहून बसने येणार होतं. त्यांनी शरदला कळवलं होतं की नऊला पोचतो. शरद इतकी वर्षं भोपाळात राहून इथली लग्नं जेवलेला माणूस. इथे नऊला येतो म्हणणारी वरात अकराला कोपऱ्यावर दिसते आणि बाराला गेटवर येते. शरदने हिशेब केला, आपण दहाला निघू, बागसेवनियाच्या घरून गार्डन पाच मिनिटांवर तर आहे.

अकोल्याची बस नऊला दहा कमी असताना गेटवर उभी राहिली.

व्याही उतरले. खेडकर, मुलाचे वडील. धिप्पाड, पिकल्या केसांचे, हातात व्याहीभेटीसाठी आणलेला झेंडूचा जाड हार. मागे पन्नासेक माणसं, रात्रभरच्या प्रवासाने चुरगाळलेली, पोरं झोपाळलेली. आणि त्यांच्या समोर स्वागताला गेटवर कोण? धोतर, अंगरखा, फेटा आणि हातात गुलाबदाणी घेतलेला एकच गृहस्थ.

खेडकरांनी इकडेतिकडे पाहिलं. मुलीकडचं एकही माणूस दिसेना. मुलाच्या बापाचा चेहरा उतरताना मी गेटवर पुष्कळदा पाहिला आहे. तो आधी उतरतो आणि मग चढतो, आणि चढला की लग्नभर खाली येत नाही. माझ्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं. माझा बेत मी तिथेच विसरलो.

"या, या," मी म्हणालो. "प्रवास कसा झाला? रात्री डोळ्याला डोळा लागला नसेल. मुलांना आधी आत घ्या, दूध तयार आहे. मंडळी तयार होताहेत, तुम्ही वेळेवर आलात, आम्हीच मागे पडलो."

इतक्या वर्षांत त्या गेटवर मी पहिल्यांदा माझ्या भाषेत बोललो. खोटं कशाला सांगू, मजा आली. आवाज लागला. 'आम्हीच' हा शब्द कुठून आला ते मला अजून कळलेलं नाही.

खेडकरांचा चेहरा फुलला. "तुम्ही शरदरावांचे थोरले बंधू," ते म्हणाले. "साखरपुड्याला तुमची भेट राहिली, तब्येत बरी नव्हती तुमची. आता कशी आहे?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात हार माझ्या गळ्यात पडला आणि पाठोपाठ ते स्वतः. खेडकरांची मिठी म्हणजे मिठी. माझा फेटा तिरपा झाला. कानाशी म्हणाले, "दादासाहेब, गेटवर कोणी दिसेना तेव्हा काळजात धस्स झालं होतं हो. तुम्हाला पाहिलं आणि जीव भांड्यात पडला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काय सांगणार होतो? की पन्नास माणसांदेखत तुम्ही गार्डनच्या नोकराला व्याही म्हणून कवटाळलंत?

खबर पोचताच शरद धावत आला, एका पायात मोजा घालायचा राहिलेला. मागून त्याच्या घरच्या बायका, त्यात वंदना. शरदने पाहिलं: व्याह्यांचा हात एका फेटेवाल्याच्या खांद्यावर, फेटेवाल्याच्या गळ्यात हार. मग त्याने मिशा पाहिल्या. मिशांखाली मी दिसलो. हातातली गुलाबदाणी त्याला दिसली. अंगरख्याच्या खिशावर गार्डनच्या नावाचा बिल्ला होता, तोही दिसला. एकेक गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर मी वाचत होतो.

खेडकर म्हणाले, "शरदराव, तुम्ही नसलात तरी दादासाहेबांनी उणीव भासू दिली नाही."

मी शरदच्या भुवयांच्या मधोमध बघत उभा राहिलो.

"हो," शरद म्हणाला. मग जरा थांबून, "दादा आहेतच तसे."

वंदना माझ्या बाजूने गेली. न बघता म्हणाली, "उपरणं पुढे घ्या, खिसा झाका. आणि आता बोलू नका."

त्यानंतर मला जे सहन करावं लागलं त्याला मानसन्मान म्हणतात. मला खुर्चीवर बसवलं. पहिल्या रांगेत, मधोमध, सॅटिनच्या गाठीची खुर्ची. त्या गार्डनमध्ये मी पहिल्यांदा बसत होतो. गुडघ्यांना विश्वास बसेना. मंडळातली माणसं आली आणि दहा पावलांवरून मला ओळखून हाका मारू लागली. "अरे दिगू, इंदूर रद्द?" "मिशा नव्या नाटकाच्या का रे?" खेडकर तेव्हा भटजींशी बोलत होते, म्हणून वाचलो. फेटा तोच, मिशा त्याच, माणूसही तोच. फक्त खुर्ची होती, तर सगळ्यांना चेहरा दिसला.

तेवढ्यात हिरवळीच्या टोकाला सक्सेनाजी उगवले. गेट रिकामं पाहून ते दरबान शोधत आले होते. त्यांना तो पहिल्या रांगेत पानाचा विडा खात बसलेला सापडला. मी माझ्या उभ्या आयुष्यात इतका बोलका मूकाभिनय पाहिलेला नाही. त्यांनी आधी माझ्याकडे बोट केलं, मग गेटकडे, मग स्वतःच्या कपाळाकडे. शेवटी ते येऊन माझ्या कानाशी वाकले. "पिंपलकरजी, आप बैठे हैं."

"हां," मी कुजबुजलो. "पार्टी ने बिठाया है."

शेजारून खेडकरांनी वळून विचारलं, "काय म्हणतात?"

शरद पलीकडे उभा होता. बोहल्यावर पोरगी, समोर अंतरपाट, आणि तिच्या सासऱ्याच्या प्रश्नाला आता एकच खरं उत्तर होतं.

"विचारताहेत," मी म्हणालो, "पंगत किती वाजता बसवायची."

खेडकर सक्सेनाजींकडे वळले आणि अकोल्याच्या हिंदीत म्हणाले, "इनको पूछो ना. घर के बड़े ये हैं."

सक्सेनाजींनी माझ्याकडे पाहिलं. ते धंद्यातले माणूस आहेत, पार्टी म्हणेल ते खरं. ताठ उभे राहून म्हणाले, "जी सर. पंगत कितने बजे, सर?" मला त्या क्षणी हसू आवरेना आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी यायला लागलं. नशिबाने अक्षता पडायला लागल्या.

जेवणापूर्वी मी मागच्या बाजूला, भांडी घासतात तिथे सटकलो. शरद आधीच तिथे उभा होता.

"गेस्ट रिलेशन्स," तो म्हणाला.

"गेस्ट तर होतेच. रिलेशन आज झालं."

तो हसला, आणि मधेच थांबला. "संध्याकाळपर्यंत निभावून ने, दिगू. मग आपण बोलू."

निभावून नेलं. खेडकरांच्या ताटाशेजारी बसून आग्रहाच्या जिलब्या खाल्ल्या. वंदनाला मुलीची थोरली काकू म्हणून साडी मिळाली. ती साडी तिने नंतर शरदच्या बायकोकडे नेऊन दिली, तिने घेतली नाही, म्हणून ती आमच्या कपाटात घडी न मोडता पडून आहे. पंगत उठली, तसे सक्सेनाजी म्हणाले, "चलिए. शाम की पार्टी का टाइम है." संध्याकाळचं लग्न दुसऱ्या कोणाचं होतं. मी धोतर सोडलं, लाल शेरवानी चढवली, सोनेरी साफा बांधला आणि गेटवर उभा राहिलो. आधी वाटलं पाय तक्रार करतील. त्यांनी केली नाही. त्यांना आपली जागा माहीत होती.

पाच वाजता अकोल्याची बस निघायला आली. खेडकर शरदबरोबर चालत गेटपर्यंत आले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले.

"दादासाहेब कुठे दिसले नाहीत," ते म्हणाले. "निरोप घ्यायचा राहिला."

शरदने माझ्याकडे पाहिलं नाही. "त्यांना थकवा आला. घरी पाठवलं."

"फार मोठ्या मनाचा माणूस. सांभाळा त्यांना." असं म्हणत खेडकरांनी खिशातून एक नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली. सकाळी ज्याच्या गळ्यात पडले होते त्याच माणसाच्या हातावर. माझ्याकडे पाहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं, साफ्याखाली त्यांना कोणी दिसलं नसतं.

आणि माझा हात कपाळाला गेला. कमर वाकली. "शुक्रिया हुज़ूर." मी ठरवून केलं नाही. समोर दोघे उभे होते आणि सलाम दोघांनाही गेला. शरदलाही.

त्याने तो घेतला, म्हणजे मान जराशी हलवली. सवयीने. आणि मग त्याला कळलं की आपण मान हलवली.

बस गेली. तो आत वळला. समोर संध्याकाळच्या पहिल्या गाड्या येऊन थांबत होत्या.

'मग आपण बोलू' मधला तो 'मग' काही आला नाही. तालमीला भेटायचो, तेव्हा दोघेही भूमिकांविषयी बोलायचो. मला पुन्हा कलेक्टर दिला. मंडळात अजून मी गेस्ट रिलेशन्सच होतो, शरदने कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. त्याने माझी लाज राखली, आणि राखलेल्या लाजेचं ओझं दोघांनाही झालं.

आणि मग यंदा हा लेखाचा फोन. तुझ्या कामावर लिही. मी म्हटलं, "अंक अकोल्याला जातो ना?"

"जातो. खेडकरांना मी सांगितलंय. मुलीनेच मला भाग पाडलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मिठी मारली ती काही परत घेता येत नाही. आणि म्हणाले, नोट दिली त्याचंच वाईट वाटतं."

खेडकरसाहेब, वाटून घेऊ नका. मिठी मीही परत करणार नाही.

फोन ठेवता ठेवता शरदने विचारलं, "दिगू, एक खरं सांग. त्याआधी मी कधी आलो होतो का रे, तुझ्या गेटवर?"

"नाही रे," मी म्हटलं. "तू कसा येशील."

ते खोटं होतं. शरद, तू आला होतास. एकदा नाही, पुष्कळदा. एकदा फोनवर बोलत आलास, एकदा वहिनींशी वाद घालत. एकदा पाऊस होता आणि मी तुझ्यावर छत्री धरून तुला कमानीपर्यंत आणलं. प्रत्येक वेळी मी वाकलो आणि तू मान हलवलीस, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, सुटलो. नंतर घरी जाऊन मिशा काढताना वाटायचं, याने पाहिलं असतं तर.

हा परिच्छेद संपादकाने खोडला तर मला राग येणार नाही. त्याची लाज राखायची पाळी आता माझी आहे, एवढं मला समजतं. पण तुम्ही हे वाचत असाल, तर त्याने तो खोडलेला नाही.